हृदयाच्या ओपीडीतल्या बायका

मी समुपदेशक आहे. आठवड्यातले चार दिवस नांदेडला, दोन दिवस लातूरला, हृदयाच्या ओपीडीत बसते. ऑपरेशन किंवा अँजिओप्लास्टी झालेल्या बायका तपासणीला आल्या की डॉक्टरांच्या आधी माझ्याकडे येतात. मी एक फॉर्म वाचते. झोप लागते का, जेवण जातं का, मन उदास असतं का, स्वतःची तब्येत कशी वाटते. उत्तरांना चौकोन आहेत. बायका जे बोलतात ते त्या चौकोनांत मावत नाही, म्हणून माझ्याकडेच साठत गेलंय.

लोह्याच्या एका बाईंना विचारलं, तब्येत कशी वाटते? शेजारी उभा असलेला नवरा म्हणाला, बरी हाय. झोप? लागती की. मन? मनाला काय झालंय, तोच म्हणाला. मी त्याला औषधं आणायला पाठवलं आणि फॉर्म पहिल्यापासून सुरू केला. बाईंनी दाराकडे एकदा बघितलं.

"दमानं इचारा," त्या म्हणाल्या. "औषधाच्या दुकानात लई गर्दी हाय."

नायगावच्या कांबळे मॅडम निवृत्त शिक्षिका. सगळ्या प्रश्नांना उत्तर एकच, उत्तम. रिपोर्टही खरंच चांगले होते. मुलीनं मागं राहून सांगितलं, अटॅक आल्यापासून चार महिने आई उंबऱ्याबाहेर गेलेली नाही. रविवारची विहारातली वंदनासुद्धा सुटली. वाटेत काही झालं तर लोकांना ताप नको, एवढंच म्हणते. मी म्हटलं, विहारातल्या बायकांच्या कानावर घाला. मग त्या दर रविवारी मॅडमच्याच घरी वंदनेला जमू लागल्या. मुलगी पुढच्या खेपेला सांगत होती, पाचव्या रविवारी मॅडम पांढरी साडी नेसून दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "माझ्यामुळं विहाराला कुलूप लागलंय. चला."

शिरूर अनंतपाळची रेश्मा तिशीतली. हृदयाची झडप बदललेली, धातूची. घर शांत झालं की तिला छातीतली टिकटिक ऐकू यायची. ती थांबली तर, या भीतीनं ती दिवसभर मोठ्यानं टीव्ही लावून बसायची. सासू वैतागली होती, सून आळशी झाली म्हणून. एकदा सासूच सोबत आली. मी तिला रेश्माच्या छातीला कान लावायला सांगितलं. तिनं बराच वेळ लावला. निघताना रेश्माची फाईल तिनंच उचलली.

पुढच्या खेपेला रेश्मा म्हणाली, "आता टीव्ही सासूबाईच लावतात."

आमच्या मोठ्या सिस्टर माझ्या आधी हाच फॉर्म भरून घ्यायच्या. गेल्या साली त्यांनाच अटॅक आला. बऱ्या झाल्यावर माझ्यासमोर बसल्या. तिसऱ्याच प्रश्नाला त्यांनी डोळे पुसले. मग म्हणाल्या, "हा प्रश्न मी किती घाईत विचारायचे गं."

आणि गंगाबाई. त्यांच्या हृदयाचं पंपिंग कमी. वर्षभर प्रत्येक प्रश्नाला त्यांचं उत्तर, हाय तसंच. जेवण सुटलं, बोलणं सुटलं. मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे न्या म्हटलं तर मुलगा चिडला, आई काय येडी हाय का. तीन खेपा समजावल्यावर घेऊन गेला. गोळ्या सुरू झाल्या, गंगाबाई हळूहळू जेवू लागल्या, बोलू लागल्या. हृदय मात्र होतं तसंच राहिलं.

मागच्या महिन्यात मला पोचायला उशीर झाला. बाकावर एक नवी बाई भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि तिच्या शेजारी गंगाबाई. अक्षरओळख नसलेल्या गंगाबाई माझा फॉर्म तोंडपाठ विचारत होत्या, आपल्या बोलीत. झोप लागती का. जेवण गोड लागतं का. जीव नकोसा होतो का. बाई नुसती मान हलवत होती. मी दाराशीच थांबले.

फॉर्म संपला. मग गंगाबाईंनी त्यात नसलेला एक प्रश्न विचारला.

"सकाळचा चहा तुला कोण करून देतं, माय?"

बाईनं पहिल्यांदाच तोंड वळवलं.

"मीच की," ती म्हणाली. "समद्यांना."