सलोखा पथकातल्या विहीणबाई

आमच्या विहीणबाई ज्यांच्याशी भांडल्या नाहीत अशी माणसं जगात असतीलही. पण ती अजून अकोल्याला आलेली नाहीत. माझी लेक त्यांच्या घरात दिली तेव्हा मांडवातच त्यांनी माझ्याशी पहिलं भांडण काढलं. कारण काय, तर मी मानाची साडी महागाची आणली. साडी स्वस्तातली म्हणून भांडणाऱ्या विहिणी मी पुष्कळ पाहिल्या, महागाची म्हणून भांडणारी ही पहिलीच. "पैशे झाडाले लागतात का वो तुमच्या अमरावतीत?" असं भर मांडवात विचारून त्यांनी ती साडी मलाच नेसायला लावली. अकोटच्या एसटीत कंडक्टरनं सगळे सुटे पैसे परत दिले, तर "आज काहून दिले, रोज काहून नाई देत?" म्हणून उतरेपर्यंत त्याला सोडलं नाही. डॉक्टरांनी बीपी नॉर्मल आहे म्हटलं, तर "मंग माही घेरी खोटी का?" म्हणून त्यांच्याकडून एक गोळी लिहून घेतलीच. तासाभरानं मात्र सगळं विसरून त्याच माणसाकडे अंबाडीच्या भाजीची वाटी जाते, आणि वाटी परत आली नाही की पुन्हा भांडण.

लेकीची नोकरी, नात लहान, म्हणून मी अमरावतीहून येऊन महिनोन् महिने त्यांच्याकडे राहते. तिथे सकाळचा गजर लावावा लागत नाही. गल्लीच्या तोंडाशी कडुनिंबाखाली शमीमबी बसते; हंगामात शेंदूरजनाघाटची संत्री, एरवी सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि मिरच्या. विहीणबाई पिशवी घेऊन निघतात, एक फोड तोंडात टाकतात आणि तोंड वाकडं करतात.

"काहून वो शमीम, हे संत्री हायेत का लिंबं?"

"लिंबं महाग झाली काकी, तुमाले परवडनार नाईत. म्हनून संत्री दाखवून राहिली."

असं सुरू झालं की लोक दात घासत गॅलरीत येतात. बायका आपली खरेदी थांबवून ऐकतात. शेवटी भाव ठरतो तो पहिल्या मिनिटाला सांगितला तोच असतो.

गेल्या हिवाळ्यात मोबाइलवर निरोप फिरायला लागले, की 'त्यांच्या'कडून काही घेऊ नका. शमीमबीची गिऱ्हाईकं मागच्या दारानं निघून दुसऱ्या चौकात जायला लागली. एका दुपारी ती नमाज पढून आली तर टोपली नालीत पालथी. ठाण्यात गेली, तर तिथे अर्ज घेतला आणि समज देऊ म्हणाले. समज कोणाला देणार ते कोणी सांगितलं नाही. घरात आजारी नवरा, शिकणारी लेक, आणि चूल त्या टोपलीवर पेटते. कडुनिंबाखाली बसावं की उठावं, एवढा एकच प्रश्न तिला सगळा हिवाळा होता.

आणि नेमकं तेव्हाच ठाण्याला सरकारी अनुदान आलं, द्वेषातून होणाऱ्या गुन्ह्यांना पोलिसांनी तत्पर प्रतिसाद द्यावा म्हणून. पैसा आला फेब्रुवारी सरताना, आणि मार्च संपायच्या आत खर्चला नाही तर परत जाणार, त्यामुळे तत्परता काय ती खर्चातच दिसली. एक ड्रोन आला, तो पहिल्याच दिवशी कडुनिंबात अडकला आणि कावळ्यांनी त्याची व्यवस्था पाहिली. ठाणेदार साहेबांचा हात जोडलेला मोठा फ्लेक्स आला. पांढरी जीप आली, पण डिझेल मंजूर यादीत नव्हतं, म्हणून एक शिपाई ती रोज धुवायचा. नागरिकांचं सलोखा पथक नेमायचं होतं, त्यात विहीणबाईंचं नाव सगळ्यात वर, कारण ठाणेदार एकदा पार्किंगवरून त्यांच्याशी भांडून हरले होते. पथकाला जाकिटं मिळाली. विहीणबाई ते जाकीट घालून हळदीकुंकवालाही गेल्या. पाठीवर मोठ्या अक्षरात 'सलोखा', आणि पुढून विहीणबाई.

मग आली रंगीत तालीम. तालमीचा फोटो लावल्याशिवाय पुढचा हप्ता मिळत नाही म्हणे. जागा ठरली शमीमबीचीच, कारण उजेड चांगला. आता द्वेष करायला कोणीतरी पाहिजे. एका शिपायाला उभं केलं, तर त्याला हसू आवरेना. ठाणेदार म्हणाले, "काकूंचा आवाज चांगला आहे, काकूच करतील." त्यांच्या हातात कागद दिला. त्यावर वाक्य होतं: तुमच्या लोकांनी या गल्लीत बसायचं नाही.

विहीणबाईंनी चष्मा लावला, मनात वाचलं आणि कागदाची घडी घातली. इतक्या वर्षांत त्यांचं तोंड मिटलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"काकू, नाटक आहे हो," ठाणेदार म्हणाले.

"नाटक असन. तुमी म्हना मंग."

ठाणेदारांनी घड्याळ पाहिलं. विहीणबाईंनी टोपलीकडे पाहिलं, आणि संत्र्याची एक फोड तोंडात टाकून नेहमीचंच सुरू केलं. शमीमबीनंही पदर खोचला. पाच-सात मिनिटं असं काही रंगलं, की पथक जीप ढकलत धावत आलं, दोघींना बाजूला केलं, फोटो निघाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरकारदरबारी आता आमच्या विहीणबाई आणि शमीमबी यांच्यातला द्वेष आटोक्यात आल्याची नोंद आहे.

त्यानंतर आठवडाही झाला नसेल. सकाळची वेळ. मोटारसायकलींवरून तिघं आले. एकानं शमीमबीची तागडी उचलली आणि म्हणाला, "तुमच्या लोकांनी या गल्लीत बसायचं नाही." गल्ली हौसेनं गॅलरीत आली. गॅलरीतून एकानं मोबाइल धरला. कोणीतरी टाळी वाजवली आणि म्हणालं, "आजचा गडी चांगला करून राहिला." नातीला कडेवर घेऊन दारात उभी असलेल्या मलाही तालीमच वाटली.

विहीणबाई आत भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला.

"हा वाचून नाई म्हनून राहिला," त्या म्हणाल्या. "ह्याले पाठ हाये."

आणि पिठाच्या हातांनी, जाकीट न घालता, त्या बाहेर गेल्या. जाऊन तागडीची दुसरी बाजू धरली.

"ठेव खाली. हिच्या संत्र्याले आंबट म्हनाचा मान माहा हाये. तू कोन रे?"

"काकू, आपल्या लोकांसाठीच करून राहिलो ना."

"आपल्या? तुले तं मी आज पयल्यांदा पाहून राहिली."

टाळ्या थांबल्या. कोणीतरी गॅलरीतून उतरलं, मग आणखी कोणी. ते तिघं टोपली लाथेनं उडवून निघून गेले, आणि गल्लीभर संत्री वेचत माणसं वाकलेली मी पाहिली. पथक नंतर आलं, जाकिटं घालून. तागडी पुन्हा एकदा धरता का, फोटोसाठी, असं त्यांनी विचारलं. तो दिवस विहीणबाईंनी ठाण्यात काढला. तालमीचा अहवाल गेलाय, त्यातच हेही धरू, असं ठाणेदार म्हणत होते. तिघांवर गुन्हा लिहून घेतल्याशिवाय विहीणबाई बाकावरून उठल्या नाहीत. ठाणेदार दुसऱ्यांदा हरले.

शमीमबीची जागा राहिली. गिऱ्हाईकंही हळूहळू पुढच्या दारानं यायला लागली. अनुदान पुढच्या वर्षाला पुन्हा मिळालं, 'प्रभावी प्रतिसादा'बद्दल.

फक्त त्या प्रकाराच्या दुसऱ्या दिवशी विहीणबाई पिशवी घेऊन गेल्या आणि विचारलं, हे संत्री हायेत का लिंबं, तर शमीमबी मान खाली घालून म्हणाली, "आंबट असतील काकी. तुमी म्हनता म्हन्जे असतीलच." आणि निवडून निवडून चांगली भरून दिली. विहीणबाईंनी मुद्दाम लाजिरवाणा कमी भाव सांगितला. ती "जी काकी" म्हणाली. गॅलऱ्यांतले लोक दात घासून आत गेले. त्यानंतर रोज तसंच.

मी आता अमरावतीला आहे. परवा फोनवर विहीणबाईंना सहज विचारलं, शमीम काय म्हणते.

"काल सांबाराच्या जुडीतून एक सडकी काडी काढली, तिच्या नाकासमोर धरली," त्या म्हणाल्या. "म्हनलं, आता तं बोलन."

"मग?"

"माफी मागते वो ती मले."

फोन ठेवला नाही, नुसता धरून राहिल्या.