सलीमची फजर आणि माझी सवड

सुहृदहो, आज सकाळी माझा शेजारी सलीम याने वेरूळवरचे स्वलिखित पुस्तक माझ्या हाती ठेवले आणि माझ्या अंतःकरणात मत्सराग्नी प्रज्वलित झाला. असे पुस्तक लिहिण्याचा संकल्प आम्ही दोघांनी एकत्रच केला होता.

"लिहिलंस कधी?"

"रोज पहाटे फजरच्या नमाजनंतर, चहा होईपर्यंत. पंडित, तुझं कुठवर आलं?"

"सवडीने चालू आहे," मी गंभीरपणे वदलो.

आतून सौभाग्यवती कडाडल्या, "सलीमभाई, ती सवड आमच्या घरी अजून आलीच नाय!"

खरे आहे. 'सवडीने' असे उच्चारताच मला निम्मे कार्य सिद्धीस गेल्याचा भास होतो. मत्सरास मात्र सवड लागली नाही.

मित्रहो, तुमचे कार्य कोणत्या शब्दाच्या पांघरुणात निजले आहे? अवश्य कळवा, माझ्याहून मागे कुणीतरी असावे, एवढीच प्रार्थना.