थाळी देवाची हाय

"थाळी देवाची हाय. तू नुसता हात वर कर."

अख्ख्या गावासमोर सर मला असं म्हणाले. मी आठवीत होते. लातूरकडच्या मुरुडच्या अलीकडं आमचं गाव. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की शाळेत सामान्यज्ञानाची स्पर्धा व्हायची. घंटीबिंटी कुठली? टेबलावर पितळेची थाळी ठेवायची. उत्तर येणाऱ्यानं ती चमच्यानं वाजवायची. जो आधी वाजवेल त्याला संधी. थाळी यायची सरपंचांच्या देवघरातून.

शेवटच्या फेरीत आम्ही चौघं उरलो. तिघांना चमचे मिळाले. मला नाही. आम्ही बौद्ध. गावाच्या तोंडी मात्र आमचं जुनंच नाव.

माहूरच्या गडावर कोणती देवी? माझा हात वर. तेवढ्यात थाळी वाजली. निजामाचं राज्य कधी संपलं? हात वर. थाळी वाजली. रक्त लाल कशामुळं? मला येत होतं. सगळं येत होतं. पण हाताला आवाज नसतो. सर थाळीकडं कान लावून उभे, माझ्याकडं बघायचेच नाहीत. खांदा भरून आला. समोर बायांत आई उभी होती, तिच्याकडं बघायची मला लाज वाटत होती.

मग सरांनी पुढचा प्रश्न वाचला. "राज्यघटनेच्या कोणत्या कलमानं अस्पृश्यता बंद झाली?"

वाचताना त्यांची जीभ जरासुद्धा अडखळली नाही. ते मी आजही विसरलेली नाही.

सरपंचांच्या पोरानं थाळी वाजवली. "चौदा." चूक. दुसऱ्यानं वाजवली. "पंधरा." चूक. माझा हात वरच होता.

सर म्हणाले, "कुणालाच येत न्हाई? चला, फुडचा."

मस्तकात तिडीक गेली. मी टेबलापाशी गेले आणि उघड्या पंजानं थाळीवर दणका दिला. "सतरा!"

सरपंचांच्या बायकोनं थाळी पदरात धरून उचलली, खिचडीच्या चुलीतली राख घेतली आणि हापशावर ती घासायला बसली. सगळ्यांच्या देखत.

सर म्हणाले, "नियम मोडला. तू बाद." उत्तर बरोबर की चूक, ते त्यांनी सांगितलंच नाही.

घरी बाबा हबकून बसले होते. ते सरपंचांच्याच शेतात कामाला. आई तव्यावर भाकरी टाकत म्हणाली, "वाजिवलीस न्हवं? मंग आजून जोरात वाजवायची व्हती."

पुढं लातूरच्या अभ्यासिकेत मी दात-ओठ खाऊन अभ्यास केला. इतिहास, धर्म, राज्यव्यवस्था, विज्ञान. आज नांदेडला अधिकारी आहे. परवा त्याच सरांचा फोन आला. आता ते मुख्याध्यापक आहेत.

"म्याडम, तुम्ही तर आपल्या शाळेची शान! सव्वीस जानेवारीला पाहुण्या म्हणून या. आपली थाळीची स्पर्धा आठवती न्हवं?"

आवाजात खोट नव्हती. त्या दिवसाचं त्यांना खरंच काही आठवत नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"येते," मी म्हणाले. "थाळी तीच ठेवा. चमचा प्रत्येक पोराला द्या. आणि पहिला प्रश्न मी तुम्हाला विचारणार."

सर हसले. त्यांना गंमत वाटली.

लोक म्हणतील, एवढी मोठी झालीस, सोडून दे. नाही सोडणार. सूड म्हणा. सूडच आहे. त्याच टेबलापाशी, अख्ख्या गावासमोर मी त्यांना उभं करणार. कलम कितवं ते विचारणार, आणि त्या दिवशी ते कुणी मोडलं तेही. थाळीवर माझा पंजा असेल. सरांनी नुसता हात वर करायचा. खांदा भरून येईस्तोवर.