लाल नसलेलं पोवळं

भर समुद्रात नरोत्तमभाई उभे होते. पोहत नव्हते, तरंगत नव्हते, कमरेइतक्या पाण्यात सरळ उभे. वर मलाच हाताने पाण्यात बोलावत सांगत होते, "ताई, काय बी खोल नही शे. या आठे."

"भाई, पाय उचला," मी बोटीवरून ओरडले. त्यांनी उजवा पाय उचलला आणि डाव्यावर उभे राहिले.

मी शहाद्याहून टूर काढते. ही टूर अंदमानची होती. तापीकाठच्या एका गावातली पाच गुजर जोडपी, सगळी ऊस-केळीवाली. त्यांना स्नॉर्केलिंग करायचं होतं. म्हणजे डोळ्यांवर काचेचा मास्क, तोंडात वाकडी नळी, तिचं दुसरं टोक पाण्याबाहेर. पालथं पडून तरंगायचं, नळीतून श्वास घ्यायचा आणि खालचे मासे बघायचे. पोहता येत नसेल तर हवेची रिंग धरायची, गाइड ती ओढत नेतो. एकच गोष्ट करायची नाही: कोरलवर उभं राहायचं नाही. दिसतं दगडासारखं, पण ती बारीक जिवांची वस्ती असते. एकदा मोडली की भरून यायला वर्षं जातात.

पाण्यातून गाइड तपनने शिट्टी मारली. "सब बाहर. अभी."

"तपन, गलती एक आदमी की है."

"मॅडम, हमारी बोट का नियम है. एक खड़ा हुआ, तो पूरा ग्रुप बंद."

दुसरी बॅच अजून उतरायची होती. पहिल्या बॅचला पुरुष उतरले होते. असं कोणी ठरवलं नव्हतं, ते नेहमीसारखं आपोआप झालं. पाचही बायका लाइफ जॅकेट घालून बाकावर बसल्या होत्या. कडेला कमलबेन, नरोत्तमभाईंच्या पत्नी. तासाभरापासून मास्क लावूनच बसलेल्या, काच वाफेने आंधळी झालेली.

कमलबेन साठीच्या. घराच्या ओट्यावरून तापी दिसते, पण नदीत त्या फक्त धुणं घेऊन गेल्या. पोहायचं ते मुलांनी. या टूरसाठी महिनाभर त्या रोज लोणखेड्याला माझ्या ओळखीच्या शेततळ्यावर आल्या. नवऱ्याचा टी-शर्ट घालून, कमरेला दोर बांधून, तोंड पाण्यात घालायला शिकल्या. पहिल्या दिवशी नाकातोंडात पाणी गेलं, खोकून बेजार झाल्या. मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी माझ्या आधी हजर. मला म्हणाल्या होत्या, "जल्मभर तापीकाठे ऱ्हायनू, पन पानीमा काय ऱ्हास ते माले माहीत नही. माले मासा दखना शेत."

आता ओहोटी लागली होती. तासाभरात बोट परत न्यावीच लागणार होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पोर्ट ब्लेअरची फेरी बोट, मग परतीचं विमान. कमलबेनची बारी आत्ता, नाहीतर कधीच नाही.

नरोत्तमभाई वर आले. तळव्याला कापलं होतं. मी जखम धुतली, औषध लावलं आणि लावता लावता झापलंही. "निघण्याआधी शहाद्याच्या मीटिंगमध्ये मी काय सांगितलं होतं?"

ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही सांगं, पोवळावर पाय ठेवानं नही. मी नीट दखं. लाल काहीच नही व्हतं. भुरा खडक व्हता, त्यावर उभा ऱ्हायनू." आणि बोटातली पोवळ्याची अंगठी माझ्यापुढे धरली.

प्रवाळ हा शब्द पुस्तकी वाटेल म्हणून मीटिंगमध्ये मीच म्हटलं होतं, कोरल म्हणजे आपलं पोवळं हो, अंगठीतलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, मी खूश. अंगठीतलं लाल पोवळं वेगळ्या जातीचं, खोल पाण्यातलं. इथलं बहुतेक भुरं, हिरवट, थेट खडकासारखं. मी या माणसाला लाल रंग शोधायला लावला होता.

"तपन, गलती मेरी है. मैंने गलत समझाया."

"आपकी हो या उनकी, मॅडम, कोरल तो टूट गया."

बोट दहा-बारा पावलांची. मी या टोकाहून त्या टोकाला गेले, परत आले, घड्याळ बघितलं, परत गेले. शेवटी म्हटलं, "तुम खुद पूछ लो इनसे. समझी हैं तो जाने दो."

तपनने वैतागून बायकांना विचारलं, "बताइए, पैर कहाँ नहीं रखना?"

चौघींनी माझ्याकडे बघितलं. कमलबेननी मास्क वर केला. "खाले काय बी ऱ्हावो, पाय ठेवानाच नही."

तपनला भाषांतर लागलं नाही. त्याने हवेची रिंग ओढून घेतली. "एक. सिर्फ ये. दस मिनट."

त्या वेळी मी बाकीच्या चौघींकडे बघायला हवं होतं. मी कमलबेनच्या मास्कचा पट्टा आवळायला धावले.

पाण्यात त्यांनी दोनदा डोकं वर काढलं, धापा टाकल्या. मग तोंड खाली घातलं ते वर येईना. नळीचं टोक दिसत होतं, पण श्वास थोडाच दिसतो? मी हाका मारल्या. कान पाण्यात, ऐकणार कशा? तपनने त्यांच्या खांद्याला हात लावला. कमलबेननी तो झटकला आणि बोटाने खाली दाखवलं. मला रडू आलं. टूर मॅनेजरने बोटीवर रडायचं नसतं, म्हणून मी लाइफ जॅकेटं मोजत बसले.

त्या वर आल्या तेव्हा भाईंनी विचारलं, "काय दिसनं?"

"बठ्ठं दिसनं." सगळंच दिसलं होतं. मग म्हणाल्या, "तुमना पाय पडना तठे पांढरं तुटेल शे. बारीक मासा आजून तठेच फिरी ऱ्हायनात."

भाई मान खाली घालून बसले. परतताना चौघी किनाऱ्याकडे तोंड करून होत्या. कमलबेन माझ्याजवळ सरकल्या आणि त्यांच्याकडे बघत हळूच म्हणाल्या, "ताई, मी दखी उनू. पन गावमा माले यास्नी संगेच ऱ्हानं शे. काय दखं ते सांगू का नको?"

मी त्यांच्या खांद्यावर टॉवेल टाकला.

आता मीटिंगमध्ये मी पोवळं म्हणत नाही. भुऱ्या कोरलचा फोटो दाखवते आणि कमलबेनचं वाक्य सांगते: खाली काही असो, पाय ठेवायचाच नाही. चूक माझ्या तोंडची, पाय भाईंचा, आणि बाकावर बसून राहिल्या त्या चौघी. पुढच्या टूरला त्यांना पुन्हा बोलावलं. म्हणाल्या, तिथे बघण्यासारखं काय आहे ते आधी कमलबेन सांगू देत, मग ठरवू.

कमलबेननी अजून कोणालाच काही सांगितलेलं नाही.