२५६००ची रांग

"ऊठ. पहिली रांग २५६००ची आहे. तुमच्यासाठी मागे ३२०० आहेत."

खारघरच्या कॉलेजातली कॉम्प्युटर लॅब. बोलणारे लॅबचे सर. वर्गात ओवे गावापलीकडच्या कातकरी वाडीतून आलेली मी एकटी. 'तुमच्यासाठी' म्हणताना ते माझ्याकडेच बघत होते.

सरांची अक्कल एवढीच. लॅबची मेमरी पनवेलच्या दुकानातून दोन खेपांत आली. एका खेपेच्या लेबलवर पीसी४-२५६००, दुसरीवर डीडीआर४-३२००. आकडा मोठा म्हणून माल भारी. भारी माल पुढे. पुढे कोण, ते सर ठरवणार. "सवलतवाल्यांना तेवढं पुरतं," हे हजेरी घेताना, हसत.

वर्षभर मागे बसले. प्रोग्राम अडकला की वाटायचं, मशीनच कमी. हळूहळू वाटायला लागलं, मीच कमी.

परीक्षेआधी मशीनची कॅबिनेट उघडून पुसायला सरांनी मलाच लावलं. "धुळीची सवय असेल ना, वीटभट्टीवरची?"

होती. पुसता पुसता पुढच्या रांगेतली मेमरीची एक पट्टी आणि मागची एक शेजारी ठेवली. खाच एकाच जागी. घरी पुस्तक उघडलं. ३२०० म्हणजे सेकंदाला किती दशलक्ष वेळा डेटा जातो. २५६०० म्हणजे सेकंदाला किती एमबी जातो. एका वेळी आठ बाइट. बत्तीसशे गुणिले आठ. वस्तू तीच, मोजून लिहायची रीत वेगळी.

दुसऱ्या दिवशी वही सरांपुढे धरली. "सर, आठनं भागून बघा."

"आता वाडी मला रॅम शिकवणार?"

वर्ग हसला. सरांनी भागलं नाही. आठचा पाढा त्यांना येत होता. येत होता म्हणूनच भागलं नाही. या माणसाला आकडा नकोच होता. त्याला रांग हवी होती. लेबलं सारखी असती तर त्यानं खुर्च्यांचे रंग बघितले असते.

मी पहिल्या रांगेत जाऊन बसले.

"ऊठ."

"नाय उठत." घरची बोली तोंडात आली. येऊ दे.

"प्रॅक्टिकलचे मार्क माझ्या हातात आहेत, विसरू नकोस."

"कापा. का कापले ते लिहा आणि खाली सही करा."

त्यांनी पेन उचललं नाही.

तो गुणाकार झेरॉक्स करून मागच्या प्रत्येक मशीनवर मी चिकटवलाय. सर फाडतात. मी पुन्हा चिकटवते. मार्क जायचे तर जातील. मागे मी बसणार नाही, आणि पुढच्या वर्षी वाडीतून जो कोणी येईल त्यालाही बसू देणार नाही.