सुगंधाबाईंचं कोरं बोट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तसं त्यात सांगण्यासारखं काय आहे — पट्टी एक ओळ वर सरकली, एवढंच. पण तेवढंच असतं, तर मी इतकी वर्षं तोंड दाबून कशाला बसलो असतो?

मी मास्तर. निवडणूक आली की आमच्या गळ्यात ड्युटी ठरलेली. त्या वर्षी गडचिरोलीच्या जंगलातल्या एका गावी मी केंद्राध्यक्ष होतो. तिथे मतदान तीनलाच संपतं. मग मशीन उचलून, पोलिसांसोबत, उजेड आहे तोवर पायी कॅम्प गाठायचा. यादी वाचणारा सहकारी जेवायला गेला, म्हणून त्याच्या खुर्चीत मी बसलो. नावाखाली पट्टी धरायची, लाल पेनाने रेघ मारायची, झालं. मंदा नावाची सून आली, मत देऊन गेली. रेघ मात्र मी वरच्या नावावर मारली — तिच्या सासूच्या, सुगंधाबाईंच्या.

तासाभराने सुगंधाबाई आल्या. मी सांगितलं, तुमचं मत झालंय. त्यांनी बोट पुढे केलं.

"माह्या बोटाले शाई कुठी हाये, साहेब?"

बोट कोरं होतं. मी सह्यांचं रजिस्टर उघडलं. सासूच्या क्रमांकासमोर मंदाची सही — सुटी सुटी अक्षरं, पूर्ण नाव. चूक कुणाची, ते मला तिथेच कळलं.

अशा वेळी मतदाराला प्रदत्त मतपत्रिका द्यावी लागते. कागदी मत, वेगळ्या पाकिटात बंद. उद्या वाद कोर्टात गेला तर कामी येतं. तो त्यांचा हक्क. मला ठाऊक नव्हतं का? प्रशिक्षणात हाच प्रश्न मी विचारला होता, हुशारी मिरवायला. पण मतपत्रिका दिली की फॉर्म, खुलासा, वरून नोटीस — आणि घड्याळात अडीच वाजलेले.

मी रजिस्टर मिटलं. म्हणालो, तुमच्या घरातल्याच कुणीतरी तुमच्या नावावर मत टाकलं असेल.

मंदा दारातच उभी होती, सासूला घरी न्यायला थांबलेली. तिच्या बोटावर ताजी शाई.

"तूनं काऊन टाकलं वं माहं मत?"

"मी माहंच टाकलं, आत्याबाई," ती म्हणाली, आणि माझ्याकडे पाहत राहिली. मी यादीत डोकं खुपसलं. एक वाक्य पुरे होतं. ते माझ्या तोंडून निघालं नाही.

खिडकीतून पायवाट दिसत होती. सासू पुढे, सून बरीच मागे.

मी भ्यालो होतो. आणि माझी चूक मी एका बाईच्या माथी मारली, जिने आयुष्यात माझं काही वाकडं केलं नव्हतं.

मतदान वेळेत संपलं. केंद्राध्यक्षाच्या डायरीत प्रदत्त मतांपुढे मी 'निरंक' लिहिलं, आणि खाली सही केली. पूर्ण नावाची.