शेरवानीला ऊदाची धुरी

शेजारची मावशी भेटली, की आधी समोरच्याच्या कपड्यांचा वास घ्यायची. पदर नाकाशी नेऊन म्हणायची, "कुबट वास यायलाय. आण इकडं." मग निखाऱ्यावर ऊद टाकून त्यावर कोंबड्या झाकायचं डालगं पालथं घालायची आणि धुरावर कपडा पसरायची. पावसाळ्यात झरीतल्या आमच्या अर्ध्या गल्लीची लुगडी त्या डालग्यावरून जायची.

पिंगळीचे पाहुणे मला पाहायला आले, तेव्हा आईनं तिला मुद्दाम सांगितलं नव्हतं. तरी ती आलीच. मुलाच्या अंगात पेटीतून काढलेली शेरवानी होती. मावशी त्याच्याजवळ थांबली आणि तिनं नाक ओढलं.

"जावईबापू, काढा ती. लय कुबट हाय."

त्यानं निमूटपणे शेरवानी काढून दिली. आत नुसतं बनियन होतं, तेही खांद्यावर विरलेलं. शरमेनं त्याच्या वडिलांनी मान खाली घातली, माझ्या आईनंही घातली. शेरवानी दरवळेपर्यंत मावशी डालग्यापासून हलली नाही आणि तो हसू दाबत बसून राहिला.

मान वर करायची नाही, असं मला बजावलेलं होतं. पण मोठ्यांच्याच माना खाली होत्या, माझ्याकडं बघायला कुणी नव्हतंच, म्हणून मी त्याला पोटभर पाहून घेतलं.